तुलनेचे न्याय्य माप : मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळा

मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांपैकी उत्तम कोणती आणि मागे पडलेली कोणती, हा प्रश्न पौडच्या पंचायत समितीच्या कचेरीत, केंद्रांच्या मासिक शिक्षण परिषदांत आणि पालकांच्या ओट्यावरील बोलण्यात वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि त्याचे उत्तर म्हणून बहुधा एखादा तक्ता पुढे केला जातो. त्या तक्त्यात वरच्या रकान्यात ज्यांची नावे येतात त्यांचा सत्कार होतो; खालच्या रकान्यात ज्यांची नावे येतात त्यांच्याकडून खुलासा मागविला जातो. परंतु ज्या मापाने हे वर-खाली ठरते ते माप स्वतः कितपत खरे आहे, ते कोणत्या शाळेला अनुकूल आणि कोणत्या शाळेला प्रतिकूल आहे, आणि मापून झाल्यावर कोणी काय करावयाचे असते, या तीन प्रश्नांचा विचार केल्यावाचून शाळांची तुलना ही न्यायबुद्धीची गोष्ट न राहता निव्वळ शिरस्त्याची गोष्ट होऊन बसते. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने आढावा घेण्याचा हेतू आहे.

प्रथम मुलूख पाहिला पाहिजे. एके काळी हवेली तालुक्याचा पेटा असलेला हा प्रदेश आज नावाला एकच तालुका असला तरी वस्तुतः त्यात दोन भिन्न जगे नांदतात. पूर्वेकडे हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे माहिती तंत्रज्ञानाच्या संकुलांनी, कारखान्यांनी आणि टोलेजंग गृहसंकुलांनी इतक्या वेगाने भरून गेली आहेत की शाळेच्या वर्गखोल्यांची संख्या पटाच्या वाढीला कधीच गाठू शकत नाही. आणि पश्चिमेकडे मुळशी, मोसे, मुठा व कोळवण यांच्या खोऱ्यांत, ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर आणि तैलबैला, एकोले, आंबवणे यांसारख्या सह्याद्रीच्या कड्यालगतच्या गावांत घरे रिकामी होत चालल्यामुळे चार इयत्ता मिळून दहा-पंधरा मुलांचा पट टिकविणे हीच शिक्षकाची पहिली चिंता होऊन बसली आहे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आत होती. तिचा भार पूर्वेकडे सरकत गेला आणि शाळांचे पट त्या सरकण्याच्या मागोमाग गेले. या दोन टोकांच्या शाळा एका तक्त्यात एकाखाली एक लिहिणे लेखनिकाला सुलभ आहे. त्यांवरून निष्कर्ष काढणे मात्र तितके सुलभ नाही.

पश्चिमेकडील शाळा लहान का आहेत, यालाही इतिहास आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशीचे धरण बांधण्याचे ठरले तेव्हा १९२१ च्या एप्रिलमध्ये रामनवमीला शेतकऱ्यांनी जो सत्याग्रह आरंभिला आणि ज्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले, तो अखेर यशस्वी झाला नाही. निळा-मुळेच्या खोऱ्यातील भातशेतीची उत्तम जमीन पाण्याखाली गेली, कित्येक कुटुंबे देशोधडीला लागली आणि जी राहिली ती जलाशयाच्या काठाने वर सरकून विखुरलेल्या वाड्यांत वसली. विखुरलेल्या वाड्यांना विखुरलेल्याच शाळा लागतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असा जो दंडक घातला, त्याची खरी किंमत सपाटीवरच्या मोठ्या गावाला कळणार नाही. ओढे, घळी आणि धरणाचे फुगलेले पाणी यांनी एकमेकांपासून तोडलेल्या वाडीला ती कळते. धनगर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांतील मुले शाळेत आली ती शाळा त्यांच्या दाराशी गेली म्हणून, हे विसरून त्या शाळेच्या अल्पपटाला दोष देणे योग्य नव्हे.

शाळा तपासून तिची प्रत ठरविण्याची चालही नवी नाही. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शाळांच्या तपासणीची यंत्रणा अपुरी व सदोष असल्याची तक्रार स्पष्ट शब्दांत केलेली आहे: वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर येऊन गेल्याने शाळेचे काही हित होत नाही, तपासणी निदान तिमाहीस एकदा झाली पाहिजे आणि आगाऊ वर्दी न देताही भेटी झाल्या पाहिजेत, असे त्यांचे मागणे होते. त्याच काळात इंग्लंडमध्ये १८६२ पासून आणि मुंबई इलाख्यातही परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान अवलंबून ठेवण्याची पद्धत रूढ झालेली होती. तिचे परिणाम सर्वत्र सारखेच झाले. मास्तर परीक्षेपुरते शिकवू लागले, पाठांतराला ऊत आला आणि ज्या मुलाला पास होण्याची आशा नाही त्याच्याकडे पाहणे हा तोट्याचा व्यवहार ठरला. इंग्लंडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पद्धत टाकली. हिंदुस्थानात लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक ठरावानंतर ती मागे पडली. पुढे नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले; १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आल्या. या प्रदीर्घ प्रवासात शाळांची संख्या किती वाढली याचा हिशेब सरकारदफ्तरी चोख ठेवला गेला. शाळेत मूल नेमके काय शिकते, हे मोजण्याचे साधन मात्र फार उशिरा हाती आले.

आज अशी साधने अनेक आहेत, आणि अनेक असल्यामुळेच त्यांचा अधिकार कोठवर चालतो हे ओळखणे अगत्याचे आहे. 'प्रथम' संस्थेची 'असर' ही पाहणी २००५ पासून होत असून तिने वाचन-गणनाच्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले, हे तिचे मोठे श्रेय. पाचवीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे देशाच्या ग्रामीण भागातील प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते ते महामारीनंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर घसरले, हे आपल्याला तिच्यामुळेच समजले. परंतु या पाहणीत एका जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे निवडली जातात. एवढ्या नमुन्यावरून जिल्ह्याविषयी बोलता येते, तालुक्याविषयी नाही आणि एखाद्या शाळेविषयी तर मुळीच नाही. २०१७ व २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक पाहणी आणि डिसेंबर २०२४ मध्ये झालेले 'परख' सर्वेक्षण यांचेही तसेच आहे. 'यू-डायस' या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातील माहिती प्रत्येक शाळेची असते, पण ती खोल्या, स्वच्छतागृहे, वीज, संगणक आणि पट यांची असते. केंद्र सरकारच्या राज्यनिहाय शैक्षणिक प्रतवारी निर्देशांकात २०२०-२१ साली महाराष्ट्राने केरळ व पंजाब यांच्या जोडीने १००० पैकी ९२८ गुण मिळविले, ही भूषणाची गोष्ट खरी. पण त्या गुणांत मुलाच्या वाचनाला जेवढे स्थान आहे त्याच्यासोबत सुविधांना आणि कारभारालाही मोठे स्थान आहे, ही गोष्ट अभिनंदनाच्या फलकावर लिहिलेली नसते. २०२३ पासून घेतल्या जाणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या खरोखरच प्रत्येक मुलापर्यंत पोहोचतात. तथापि त्यांचे गुणदान त्याच शाळेतील शिक्षक करतात, आणि ज्या आकड्यावर आपली प्रतिष्ठा अवलंबून आहे तो आकडा आपणच लिहावयाचा असेल तर प्रामाणिकातील प्रामाणिक हातही नकळत किंचित वर सरकतो.

राहता राहिल्या शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षा. गावाला या दोन्हींचे मोल वाटते आणि ते रास्त आहे; जिल्ह्यासाठी शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे असलेल्या नवोदय विद्यालयात ज्या मुलाला सहावीत जागा मिळते त्याच्या घराचे भाग्य पालटू शकते. परंतु त्या विद्यालयात वर्षाला सहावीच्या जागा ८० आणि इच्छुक अख्ख्या जिल्ह्याचे. म्हणून या परीक्षेने वर्गातील एक-दोन तल्लख मुलांची ओळख पटते, मागच्या बाकावरील दहाजणांना वाचता येते की नाही याचा उलगडा होत नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथी व सातवीवरून पाचवी व आठवीला नेली गेली, तेव्हा चौथीपर्यंतच असलेल्या वाडीवरील शाळा त्या मापातून आपोआपच बाहेर पडल्या. आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला, म्हणून त्या पुन्हा मापात येतील. शाळा होती तेथेच राहिली आणि तिचे कर्तृत्व मात्र मापाच्या बदलाबरोबर अदृश्य व दृश्य होत राहिले.

आता अल्पपटाच्या गणिताकडे वळू, कारण मुळशीच्या बाबतीत सर्वांत मोठा अन्याय येथे होतो. वाडीवरील एका शाळेत चौथीत चार मुले आहेत असे समजा. त्यांपैकी तिघांना भागाकार आला तर शाळेचा निकाल ७५ टक्के. परीक्षेच्या दिवशी एक मुलगी तापाने घरी राहिली किंवा एखाद्याचे आईबाप त्याला घेऊन वीटभट्टीवर गेले की तोच निकाल कोसळतो. आणि पुढील वर्षी चारही मुले हुशार निघाली तर शाळा तालुक्यात पहिली येते. शिक्षक तोच, खोली तीच, शिकविण्याची तळमळही तीच. हिंजवडीसारख्या शेकड्यांनी पट असलेल्या शाळेत असे चढउतार एकमेकांत जिरून जातात, म्हणून ती तक्त्याच्या मध्यभागी स्थिर राहते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या निकालांचा अभ्यास करून थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी हेच दाखवून दिले की, एका वर्षाच्या गुणांवर शाळांचा क्रम लावला असता अगदी वरच्या आणि अगदी खालच्या स्थानांवर लहान शाळांचीच गर्दी होते, आणि त्यात कर्तबगारीपेक्षा योगायोगाचा भाग मोठा असतो. ज्या तालुक्यात अशा शाळा मोठ्या संख्येने आहेत तेथे एका वर्षाच्या टक्केवारीवर सत्कार आणि खुलासे यांची वाटणी करणे म्हणजे नाणेफेकीवर न्याय देण्यासारखे आहे.

पूर्वेकडील मोठ्या शाळांची अडचण निराळी आहे. तेथे पट भरपूर असतो, पण तो वाहता असतो. बांधकामावर आणि कारखान्यांत आलेल्या मजुरांची मुले जूनमध्ये एका शाळेत, दिवाळीनंतर दुसऱ्या आणि उन्हाळ्यात गावी अशी फिरतात. त्यांपैकी कोणाची घरची भाषा हिंदी, कोणाची कन्नड, कोणाची बंजारा, आणि त्यांना मराठी अक्षरओळख करून देण्यात शिक्षकाचे जे श्रम जातात त्यांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. त्याच गावातील ऐपतदार घरांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत जातात. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमुळे अल्प उत्पन्नाच्या घरांतील जागरूक पालकांचीही मुले तिकडे वळतात. जी उरतात ती बहुधा ज्यांच्यामागे घरी अभ्यास घेणारे कोणी नाही अशी. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून असे प्रतिपादन केले होते की, मुलांच्या गुणांतील फरकाचा मोठा भाग शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीने उलगडतो. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि शाळेचे महत्त्व त्याने नाहीसे होत नाही. पण शेजारच्या खासगी शाळेचा निकाल आणि जिल्हा परिषद शाळेचा निकाल यांची उघडउघड तुलना करणाऱ्याने कोणत्या शाळेने मूल कोठून उचलले आणि कोठवर नेले, हे विचारले पाहिजे. शिवाय ३० जून २०२१ रोजी बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही तालुक्यातील गावे पुणे महानगरपालिकेत गेली. अशा मोठ्या गावांच्या शाळा तालुक्याच्या हिशेबातून निघतात तेव्हा एकाही मुलाच्या ज्ञानात फरक न पडता तालुक्याची सरासरी बदलते. म्हणून तालुक्याची मागील दशकाशी तुलना करतानाही सावधगिरी लागते.

पश्चिमेत निसर्गाचा वाटा मोठा. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. तशा पावसात ओढा ओलांडून शाळेत न येणाऱ्या मुलाला गैरहजर म्हणणे हे हजेरीपत्रकाचे काम असले तरी त्यावरून शाळेची प्रत ठरविणे हे शहाण्याचे काम नव्हे. आवणीच्या दिवसांत घरचे सारे शेतात असतात, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली बहीण घरी राहते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्यात शिक्षकांच्या नेमणुकीचा प्रश्न. कायद्याने ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक दिले आहेत, म्हणजे वीस मुलांच्या शाळेत दर शिक्षकामागे दहा मुले पडतात आणि कागदावर ते प्रमाण हेवा वाटावा असे दिसते. प्रत्यक्षात एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला, बैठकीला वा माहिती भरावयास गेला की उरलेल्याच्या हाती चार इयत्ता येतात, आणि बहुवर्ग अध्यापन ही स्वतंत्र कला आहे हे आपल्या प्रशिक्षणांत अजून पुरेसे मान्य झालेले नाही. २०१७ च्या बदली धोरणाने गावांची 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' अशी विभागणी केली, ती शिक्षकांच्या दृष्टीने न्याय्यच होती; पण अवघड क्षेत्रातील सेवा पुरी होताच शिक्षक निघून जातो आणि वाडीतील मुलांच्या वाट्याला दर काही वर्षांनी नवा चेहरा येतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांच्या जागा ठरविण्याच्या, निर्णयाने वीस व त्याहून कमी पटाच्या शाळेत नियमित शिक्षकाची एकच जागा ठेवून दुसरी निवृत्त शिक्षकाकडून भरण्याची तजवीज केली, तेव्हा या शाळांवरील बंद होण्याची टांगती तलवार अधिकच खाली आली.

येथेच समूहशाळेचा वाद उपस्थित होतो. शासनाच्याच तेव्हाच्या आकडेवारीनुसार राज्यात वीस वा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती; २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अशा शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले गेले, तेव्हा मुळशीच्या शेजारच्या खोऱ्यातील पानशेतचा आणि नंदुरबारमधील तोरणमाळचा दाखला पुढे ठेवण्यात आला. समूहशाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. प्रत्येक इयत्तेला शिक्षक, खेळायला सवंगडी, वाचनालय, प्रयोगशाळा यांवर वाडीतील मुलाचाही हक्क आहे, आणि चार मुलांच्या वर्गात एकटेपणाने शिकणे हे काही आदर्श शिक्षण नव्हे. परंतु वाहन नियमित मिळेल, घाटातील रस्ता पावसाळ्यात उघडा राहील, सहा वर्षांची मुलगी दोन्ही वेळा सुखरूप पोहोचेल आणि ही व्यवस्था दहा वर्षांनंतरही चालू असेल, अशी हमी जोवर लेखी व बंधनकारक नाही तोवर वाडीची शाळा बंद करणे म्हणजे कातकरी आणि धनगर मुलांना शिक्षणाबाहेर लोटणे होय. ज्या शाळांचे भवितव्य असे अधांतरी आहे त्यांचा निकाल खाली आला तर तो शाळा बंद करण्याचा पुरावा म्हणून वापरला जाईल, ही भीती शिक्षकांच्या मनात असताना त्यांच्याकडून खरे आकडे कसे येणार? ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत कागदावरचा पट आणि वर्गातील पट यांत जी तफावत उघड झाली, तिने हा धडा एकदा दिलेलाच आहे: आकड्याला शिक्षा वा बक्षीस जोडले की आकडा बिघडतो.

याचा अर्थ तुलना सोडून द्यावी असा नव्हे. असे म्हणणारे काही सज्जन आहेत आणि त्यांचा हेतू शुद्ध आहे. पण परिस्थितीचे कारण सांगून प्रत्येक अपयशावर पांघरूण घालणे हा गरीब मुलांवर केलेला दुसरा अन्याय आहे. सारख्याच पटाच्या, सारख्याच पावसाच्या आणि सारख्याच वस्तीच्या दोन शाळांपैकी एकीत तिसरीची सर्व मुले सलग वाचतात आणि दुसरीत पाचवीतील मूलही अडखळते, तेव्हा तो फरक परिस्थितीचा नसतो आणि तो दडविणे हे पाप आहे. जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी आणि खेड तालुक्यातील जालिंदरनगर या शाळांनी दाखविले की, पट गळत चाललेली छोटी शाळा शिक्षक आणि ग्रामस्थ एकत्र आले असता पुन्हा उभी राहते. जालिंदरनगरच्या शाळेला तर २०२५ मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकमताचा सन्मान मिळाला. मुळशीने यांतून घ्यावयाचे ते अनुकरण इमारतीचे किंवा कीर्तीचे नव्हे; मोठी मुले लहानांना शिकवितात, पालक शाळेत येऊन बसतात आणि एकाही मुलाला मागे सोडले जात नाही, या पद्धतीचे अनुकरण करण्यास पैसा फारसा लागत नाही.

मग न्याय्य तुलना कोणती? या आढाव्यातून जे निष्पन्न होते ते असे. शाळांचे गट परिस्थितीवरून पाडावेत: घाटमाथ्यावरची वाडी घाटमाथ्यावरच्या वाडीशी आणि कारखान्यालगतची शाळा कारखान्यालगतच्या शाळेशी ताडून पाहावी. अल्पपटाच्या शाळेचा विचार एका वर्षावर न करता निदान तीन वर्षांची मुले एकत्र धरून करावा, आणि तेथे टक्केवारी न लिहिता मुलांची संख्या लिहावी, म्हणजे चारांपैकी तीन म्हणजे किती हे वाचणाऱ्याला दिसेल. वर्षाच्या आरंभी ज्या मुलाची जी पातळी होती तीच त्याची आरंभरेषा मानावी आणि तोच मुलगा वर्षअखेरीस कोठे पोहोचला याची नोंद ठेवावी. २०१५ पासून राज्याच्या 'सरल' या संगणकीय प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असल्यामुळे हे अशक्य राहिलेले नाही. तपासणी दुसऱ्या केंद्रातील शिक्षकांकडून व्हावी. ती वर्षातून एकदा न होता अधिक वेळा व्हावी, हे जोतीरावांचे मागणे १४० वर्षांनंतरही मागणेच राहावे ही आपल्याला भूषणावह गोष्ट नाही. आणि या सर्वांहून महत्त्वाचे असे एक माप आहे, ज्याचा तक्ता मांडलाच जात नाही: या वाडीत पहिलीत बसलेल्या मुलींपैकी किती जणी चौथीनंतर दुसऱ्या गावच्या शाळेत गेल्या, किती सातवीनंतर टिकल्या आणि किती जणी पौड, माले वा कोळवणपर्यंत जाऊन दहावी झाल्या. वाडीच्या शाळेचे, वाटेवरील एसटीचे, वसतिगृहाचे आणि समाजाच्या मनोवृत्तीचे संयुक्त मूल्यमापन या एका आकड्यात होते.

हे आकडे कोणासमोर मांडावयाचे, हाही प्रश्न लहान नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे सांगितले, पण पालकापुढे रकान्यांचा कागद ठेवून सही घेणे म्हणजे त्याला सहभागी करणे नव्हे. महसूल खात्यात चावडीवाचनाची जुनी चाल आहे: गावच्या दप्तरातील नोंदी सर्वांसमक्ष वाचून दाखवावयाच्या आणि हरकत असेल त्याने तेथेच घ्यावयाची. काही जिल्ह्यांत मुलांच्या वाचनासाठी ही चाल शाळांनी उचलली. मुळशीच्या प्रत्येक गावात तिमाहीस एकदा मुलांनी चावडीवर वा देवळाच्या सभामंडपात न पाहिलेला उतारा वाचावा, बाजारहाटाचे गणित सोडवावे आणि आईबापांनी ते ऐकावे. निरक्षर आईलाही आपले मूल अडखळते की सलग वाचते हे कळते. त्यासाठी तिला निर्देशांकाची गरज नाही.

शेवटी, तुलना करणाऱ्यावरही काही कर्तव्य येते. ज्या तालुक्याने मुंबईच्या विजेसाठी आपली भातखाचरे दिली, ज्याच्या टेमघर धरणामध्ये साठलेले पाणी पुणे शहर पिते, त्या तालुक्यातील वाडीची शाळा मागे पडली असे तक्ता सांगत असेल, तर त्या तक्त्याने पहिला प्रश्न जिल्हा परिषदेला आणि राज्य शासनाला विचारला पाहिजे: तेथे दोन्ही शिक्षक वर्षभर होते काय, त्यांना बहुवर्ग अध्यापनाचे शिक्षण दिले होते काय, भट्टीवर गेलेल्या मुलांसाठी सोय केली होती काय. त्या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच शिक्षकाकडे खुलासा मागण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो. तुलनेच्या खालच्या रकान्यात नाव येणे ही मदतीची पहिली हक्कदारी ठरेल, तिथे उत्तम शिक्षक आणि अधिक निधी आधी जाईल, असा नियम पंचायत समितीने एकदा उघडपणे स्वीकारला, तर शाळा आपले खरे आकडे आपण होऊन पुढे ठेवतील, आणि मुळशीतील शाळांच्या तुलनेला तिचा एकमेव समर्थनीय हेतू प्राप्त होईल: ज्या मुलापर्यंत आपण अजून पोहोचलो नाही ते मूल नेमके कोणत्या वाडीत आहे, हे शोधून काढणे आणि त्याच्यापर्यंत जाणे.